कम्युनिटी कॉलेजांतील स्तरनिश्चिती चाचणी : सिद्धतेचा भार कोणावर?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचे दार सर्वांसाठी खुले असते. तुलनेने अल्प शुल्कात दोन वर्षांचे शिक्षण घेऊन पुढे विद्यापीठात जाण्याची संधी तेथे मिळते. प्रवेश परीक्षा नसते. मात्र नव्या विद्यार्थ्यांची इंग्रजी आणि गणिताची स्तरनिश्चिती चाचणी घेण्याची पद्धत अनेक दशके रूढ होती. या चाचणीच्या सक्तीवरून सुरू झालेल्या वादाला कॅलिफोर्नियातील कायद्यांमुळे महत्त्वाचे वळण मिळाले आहे.

चाचणीत कमी गुण मिळाल्यास प्रवेश नाकारला जात नसे. विद्यार्थ्याला आधी पूर्वतयारीच्या वर्गात बसावे लागे. या वर्गांसाठी वेळ आणि पैसा खर्च होई, परंतु त्यांचे श्रेयांक पदवीसाठी ग्राह्य धरले जात नसत. कॅलिफोर्नियात एकेकाळी सुमारे ८० टक्के नवे विद्यार्थी असा किमान एक वर्ग करीत. गणितात तर अशा अनेक पायऱ्या असत. समजा, प्रत्येक पायरीवर शंभरातील ७५ जण उत्तीर्ण होऊन पुढे गेले, तरी तीन पायऱ्यांनंतर मूळच्या शंभरांपैकी केवळ ४२ उरतात. दार खुले असूनही अनेकांची वाट उंबरठ्यावरच संपत होती.

चाचणीच्या अचूकतेविषयीही शंका होत्या. कोलंबिया विद्यापीठातील संशोधक जुडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या २०१२ मधील अभ्यासातून दिसले, की शालेय गुणांचा आधार घेतल्यास चुकीच्या वर्गात पाठवले जाण्याचे प्रमाण घटू शकते. एका दिवसाच्या चाचणीपेक्षा शाळेतील काही वर्षांची कामगिरी अधिक विश्वासार्ह ठरते, हा त्यामागील विचार होता. फ्लोरिडाने २०१३ मध्ये कायदा करून बहुतांश नव्या विद्यार्थ्यांसाठी चाचणी ऐच्छिक केली. ‘कम्पास’ ही बहुप्रचलित चाचणीही पुढे तिच्या निर्मात्या संस्थेनेच बंद केली.

कॅलिफोर्नियात गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी २०१७ मध्ये ‘एबी ७०५’ या विधेयकावर स्वाक्षरी केली. विद्यार्थी विद्यापीठस्तरीय अभ्यासक्रमात यशस्वी होण्याची शक्यता अत्यल्प असल्याचे शालेय गुणांच्या आधारे दिसत नसेल, तर त्याच्यावर पूर्वतयारीच्या वर्गाची सक्ती करता येणार नाही, असे या कायद्याने ठरवले. २०२२ च्या ‘एबी १७०५’ कायद्याने ही तरतूद अधिक कठोर केली. पूर्वी आपली पात्रता विद्यार्थ्याने सिद्ध करायची होती. आता अपात्रता सिद्ध करण्याची जबाबदारी कॉलेजावर आली. या बदलाचे खरे महत्त्व येथेच आहे.

त्यानंतर विद्यापीठस्तरीय गणित आणि इंग्रजी पहिल्याच वर्षी पूर्ण करणाऱ्यांची संख्या लक्षणीयरीत्या वाढली. तथापि, थेट वरच्या वर्गात बसून अनुत्तीर्ण होणाऱ्यांची संख्याही वाढली. शाळा सोडून बरीच वर्षे लोटलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना मूलभूत वर्गांची गरज असते, असे अनेक प्राध्यापकांचे म्हणणे आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना थेट कॅल्क्युलसच्या वर्गात बसवण्याबाबत गणिताच्या शिक्षकांमध्ये तीव्र मतभेद झाले.

या आक्षेपांमुळे जुन्या चाचणीचे समर्थन होत नाही. मात्र केवळ चाचणी हटवणे पुरेसे नाही, हे त्यातून स्पष्ट होते. मुख्य अभ्यासक्रमाच्या जोडीला साहाय्यक वर्ग, शिकवणी आणि पुरेसे शिक्षक असतील, तरच वरच्या वर्गातील जागा ही खरी संधी ठरेल. अन्यथा उंबरठ्यावर होणारे नुकसान वर्गाच्या आत होईल, एवढाच फरक उरेल.