विश्लेषण : कार्बाइनवर दोन साइट, धनुष्यावर भिंग… नेम साधनाचा की खेळाडूचा?

बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवून कंपाऊंड प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझो आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेसह त्याने सांघिक सुवर्णही मिळवले. आता २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे. तरीही एक शेरा या खेळाची पाठ सोडत नाही : ‘भिंग लावून, यंत्राने बाण सोडून नेम मारण्यात काय मोठेसे?’ परदेशातील कार्बाइन स्पर्धांत मुख्य दुर्बिणीच्या बाजूला दुसरी ‘रेड डॉट’ साइट बसवणाऱ्यांनाही हेच ऐकावे लागते. साधन नेमके काय करते आणि काय करत नाही, हे पाहिले तर या शेऱ्यात फारसा दम उरत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे, हेही लक्षात येते.

कार्बाइनवर दुसरी साइट कशासाठी?

‘प्रॅक्टिकल’ नेमबाजी स्पर्धेत लक्ष्ये एका अंतरावर नसतात. काही सात-आठ मीटरवर, तर काही दोनशे मीटरच्याही पुढे असतात. गुण आणि वेळ दोन्ही मोजले जातात. दूरच्या लक्ष्यासाठी दुर्बिणीत प्रतिमा मोठी करून घ्यावी लागते. पण प्रतिमा जेवढी मोठी, तेवढा दिसणारा परिसर लहान. अशा दुर्बिणीतून जवळचे लक्ष्य शोधणे म्हणजे नळीतून बाजार पाहण्यासारखे. प्रत्येक वेळी दुर्बिणीची कडी फिरवून मोठेपणा कमी-जास्त करण्यात मोलाचे क्षण जातात.

यावरचा उपाय म्हणजे नळीच्या बाजूला, साधारण ४५ अंशांच्या कोनात बसवलेली छोटी रेड डॉट साइट. नेमबाज बंदूक खांद्यावरून न काढता मनगटाने किंचित कलंडवतो आणि दुसऱ्या काचेतला लाल ठिपका डोळ्यासमोर येतो. हा ठिपका म्हणजे लेझर नव्हे. लक्ष्यावर कोणताही प्रकाश पडत नाही. छोट्या एलईडीचा प्रकाश खास लेप दिलेल्या काचेवरून परावर्तित होऊन फक्त नेमबाजालाच दिसतो. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा ढळत नाही, म्हणून घाईत तो उपयोगी पडतो.

मग खेळ सोपा होतो का?

एक अडचण सुटते आणि दोन नव्या उभ्या राहतात. साइट नळीच्या वर किंवा बाजूला असते, पण गोळी नळीतून सुटते. त्यामुळे डोळ्याची रेषा आणि गोळीचा मार्ग एका ठरावीक अंतरावर जुळवून घ्यावे लागतात. याला ‘झिरो’ करणे म्हणतात. दोन साइट म्हणजे दोन वेगळे झिरो. शिवाय बंदूक कलंडली तरी गुरुत्वाकर्षण कलंडत नाही. सरळ धरलेल्या बंदुकीचा हिशेब कलंडलेल्या बंदुकीला चालत नाही आणि अंतर वाढेल तशी गोळी एका बाजूला सरकते. म्हणून ही दुसरी साइट जवळच्याच लक्ष्यांसाठी वापरतात.

दुसरी अडचण शरीराची. कलंडवण्याचा कोन दर वेळी तोच हवा, गाल कुंद्यावर त्याच जागी टेकायला हवा, ठिपका शोधावा न लागता आपसूक समोर यायला हवा. हे हजारो वेळा केलेल्या सरावाने साधते. ज्याच्या अंगात ही सवय मुरलेली नाही, त्याच्यासाठी दुसरी साइट म्हणजे ऐनवेळी गोंधळ वाढवणारी आणखी एक वस्तू. साधन वेळ वाचवते, पण आधी सरावाच्या रूपात त्याची किंमत वसूल करते.

भारतात हे चित्र का दिसत नाही?

पहिले कारण कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर कडक निर्बंध आहेत. सर्वसाधारण परवान्यावर अशी कार्बाइन मिळत नाही. दुसरे कारण खेळाच्या परंपरेचे. आपल्याकडची नेमबाजी ऑलिम्पिक प्रकारांभोवती वाढली आणि ऑलिम्पिक रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते मागे बारीक छिद्र आणि पुढे गोल कडी अशा साध्या साइटवर. त्यामुळे एकाच खेळात वेगवेगळ्या साइट आणि त्यांचे वेगवेगळे नियम, ही गोष्ट महाराष्ट्रात जवळून पाहायची असेल, तर बंदुकीपेक्षा धनुष्याकडे वळणे सोयीचे. आणि त्यासाठी बुलढाण्यासारखा जिल्हा नाही.

धनुष्यावर रेषा कुठे ओढली आहे?

तिरंदाजीत नियमांनी तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. आपल्याकडच्या ‘इंडियन राउंड’मध्ये लाकूड-बांबूचे धनुष्य असते, साइट नसते, अंतर बदलले की नेमाचा अंदाज डोळ्याने आणि हाताने बदलायचा. ऑलिम्पिकमध्ये वर्षानुवर्षे खेळल्या जाणाऱ्या रिकर्व्हमध्ये साइट चालते, पण भिंग नाही आणि दोरीतले छिद्रही नाही. अंतर ७० मीटर. कंपाऊंडमध्ये साइटवर भिंग, दोरीत बसवलेले ‘पीप’ नावाचे छिद्र, धनुष्य सरळ आहे की नाही हे दाखवणारा पाण्याचा बुडबुडा आणि दोरी सोडण्यासाठी हातात धरायचे ‘रिलीज’ हे सगळे चालते. अंतर ५० मीटर. धनुष्याच्या टोकांवरच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा बराचसा भारही उतरतो.

पण इथेही एक रेषा आहे. धनुष्यावर विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे काहीही चालत नाही. म्हणजे बंदुकीवरचा एलईडीचा लाल ठिपका इथे बाद. भिंगावर साधा ठिपका चिकटवता येतो, प्रकाशतंतूची पिन वापरता येते; सेल मात्र नाही. तंत्रज्ञान खेळात किती येऊ द्यायचे, हे खेळ स्वतः ठरवतो आणि तो नियम सगळ्यांना सारखा असतो. श्लोसरकडेही भिंग होते आणि प्रथमेशकडेही. एका गुणाचा फरक भिंगाने पाडला नाही.

भिंग काय सोपे करते, काय नाही?

आकडेमोड साधी आहे. कंपाऊंडच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. ५० मीटरवरून ते हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढे दिसते. भिंगाने तो दाणा मोठा दिसतो, पण त्याचबरोबर हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो. नवख्या खेळाडूला भिंगातला ठिपका नाचताना दिसला की तो ठिपका मध्यावर येण्याची वाट पाहतो, आला की घाईने रिलीज दाबतो आणि बाण नेमका तिथेच भरकटतो.

डोळ्यासमोरचे पीप आणि पुढची साइट यांत साधारण पाऊण ते एक मीटर अंतर असते. या रेषेत एका मिलिमीटरची चूक झाली, तर ५० मीटरवर बाण पाच-सहा सेंटिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या चार सेंटिमीटर. म्हणजे दहाऐवजी नऊ. १५ बाणांच्या सामन्यात दोनदा असे झाले, तर या पातळीवर सामना बहुधा हातचा जातो. २०२३ च्याच विश्वचषक अंतिम स्पर्धेत मेक्सिकोतील हर्मोसियो येथे प्रथमेश आणि डेन्मार्कचा मथियास फुलरटन यांचा सामना बरोबरीनंतर शूट-ऑफवर गेला आणि प्रथमेशला रौप्यपदक मिळाले. साधन सारखे झाले की उरते ते श्वास, खांदा, पाठीचा स्नायू आणि डोके. ‘यंत्राचा खेळ’ म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण यंत्र दिसते आणि सराव दिसत नाही.

मग बुलढाण्यासमोरचा खरा प्रश्न कोणता?

साधन कौशल्याची जागा घेत नाही, हे मान्य केले की पुढची गोष्टही मान्य करावी लागते : साधन नसेल तर कौशल्याला मैदानच मिळत नाही. बांबूच्या धनुष्यावर चमकणारे पोर पुढच्या पायरीवर जाते, तेव्हा त्याच्यापुढे कोच नव्हे तर किमतीची पाटी उभी राहते. कंपाऊंड धनुष्य, साइट, भिंग, रिलीज आणि बाणांचा संच मिळून खर्च काही लाखांत जातो. चांगली साधने बहुतांशी आयात होतात. मोताळा किंवा लोणार तालुक्यातल्या सोयाबीन-कपाशीच्या घराला हा खर्च एका हंगामात पेलणारा नाही. आणि तो एकदाच येत नाही : बाण वाकतात, दोरी झिजते, मुलाची उंची वाढली की ओढीची लांबी बदलते.

आपली क्रीडा मदत मात्र बहुतेक वेळा पदकानंतर जागी होते. सत्कार, धनादेश, फलक हे सगळे पदक मिळाल्यावर. पदक मिळेपर्यंत कुटुंबाने कर्ज काढायचे किंवा मुलाने खेळ सोडायचा. कंपाऊंड इतकी वर्षे ऑलिम्पिकबाहेर असल्याने ‘ऑलिम्पिकचा खेळ नाही’ ही सबबही हाताशी होती. आता ती उरलेली नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, जिल्ह्यात सामायिक साधनांचा साठा. मोठा झालेला खेळाडू जे धनुष्य, साइट, भिंग मागे ठेवतो, ते पुढच्या मुलाला ठरावीक मुदतीसाठी मिळायला हवे. वाचनालयातले पुस्तक फिरते, तसे धनुष्य फिरू शकते. दुसरी, साधने जुळवून देणारा माणूस. बंदुकीचे दोन झिरो असोत की धनुष्याचे पीप, चुकीचे जुळवलेले महागडे साधन नीट जुळवलेल्या साध्या साधनापुढे हरते. तिसरी, मुलींवर सुरुवातीपासून तेवढाच खर्च. ऑलिम्पिकमधला नवा प्रकार मिश्र सांघिक आहे. एक पुरुष आणि एक महिला. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली, हे पुरेसे सांगून जाते.

यावर आक्षेप येईल की देशाच्या संघात जागाच मोजक्या, मग जिल्ह्याने एवढा खर्च का करावा? आक्षेप खोटा नाही. बहुतेक मुले लॉस एंजलिसला जाणार नाहीत. पण राष्ट्रीय स्पर्धा, आशियाई स्पर्धा, विश्वचषक आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण हे मार्ग त्यांच्यासाठी खुले आहेत. शिवाय एक प्रथमेश तयार व्हायचा, तर त्याच्याबरोबर मैदानात वीस जण रोज बाण सोडणारे लागतात.

भिंग नियमांनी सगळ्यांना सारखे केले आहे. भिंगापर्यंतची वाट अजून सारखी नाही. ती करणे खेळाडूच्या हातात नाही. ते काम जिल्हा क्रीडा यंत्रणेचे आणि राज्य सरकारचे आहे, आणि २०२८ दूर नाही.