जमिनीला घसारा नसतो!

बी. कॉम.च्या तीन वर्षांत मी जे काही शिकलो, त्यातलं एक वाक्य अजून तोंडपाठ आहे. यंत्राला घसारा असतो, इमारतीला असतो, टेबलखुर्चीला असतो. जमिनीला मात्र घसारा नसतो. परीक्षेत हा प्रश्न हटकून यायचा आणि दोन मार्क हमखास पडायचे. आज मला ते दोन मार्क परत करायचे आहेत. व्याजासकट.

कारण मी वाघोलीत भाजी लावली.

आमच्या सात पिढ्यांत भाजी कुणी लावलेली नाही; फक्त निवडलेली आहे. पण सोसायटीच्या मागे, पाण्याचा टँकर वळतो तिथं, एक लांबोळकी जागा रिकामी होती. फ्लॅट विकायच्या माहितीपत्रकात तिचं नाव ‘हरित पट्टा’ असं होतं. वार्षिक सभेत ठरलं की हौशी सभासदांना तिथं दहा फूट बाय दहा फुटांचे तुकडे द्यावेत. खरं सांगतो, मी हात वर केला तो पंखा लावा म्हणून. सेक्रेटरींनी नाव लिहून घेतलं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पहिली कुदळ मारली. ‘खण्ण’ असा आवाज आला. छाती धडधडली. वाघोली म्हणजे सरदार पिलाजीराव जाधवरावांचं गाव, मोहरांचा हंडा असायला काय हरकत आहे? हळूच उकरून पाहिलं, तर निळ्या फुलांची बाथरूमची टाइल. सौ. म्हणाली, “पहिल्याच दिवशी फुलं आली की!”

पुढच्या चार रविवारी आलेलं पीक असं: विटांचे तुकडे अकरा घमेली, सळईचे तुकडे तीन किलो, गुटख्याच्या पुड्या असंख्य, डाव्या पायाची चप्पल एक, आणि भिजून दगड झालेली सिमेंटची एक आख्खी गोणी. माती म्हणावी अशी वस्तू घमेलंभरही भरली नाही. तरी मेथी टाकली. मेथी म्हणजे नवशिक्यांची भाजी, तिसऱ्याचौथ्या दिवशी उगवते, महिन्याभरात उपटायला येते. आमची आठव्या दिवशी उगवली, पिवळी पडली आणि माझ्या प्रमोशनसारखी आहे तिथंच थांबली. कोथिंबीर धने रगडून, नियमाप्रमाणे पेरली होती. ती उगवलीच नाही. आणि मी झारी घेऊन निघालो की टँकरचे पैसे आठवून चौथ्या मजल्यावरचे काका असं काही बघायचे, की जणू मी त्यांच्या बालदीतलं पाणी चोरतोय.

एक दिवस गावातले एक आजोबा कुंपणापाशी थांबले. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांची. माझी मेथी बघून ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

“इथं हातभर काळी व्हती, साहेब. ज्वारी व्हायची. बांधाला तूर.”

“मग ती काळी गेली कुठं?”

“ट्रकातनं गेली. मग तुमचं घर आलं.”

आता माझं म्हणणं ऐका. ही काळी माती काही फर्निचरबरोबर घेता येत नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला, त्याचा काळा दगड झाला. ऊनपावसानं तो झिजतो, तेव्हा इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. जेसीबीला अर्धा तास पुरतो. दगडाची खडी झाली की तिचं बिल होतं, सिमेंटचं होतं, टाइलचं होतं. मातीचं मात्र कुठल्याच वहीत नाव नाही. जिला घसारा नाही, ती संपली तरी ताळेबंद जुळतो! आणि असा ताळेबंद जुळवणारे आम्हीच. अशा घरांच्या कर्जांच्या किती फायली माझ्या टेबलावरून गेल्या, एकीतही मी विचारलं नाही की वरची माती कुठं टाकलीत?

कायदा नाही असं नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यात एक नेहमीची अट असते: खोदाईत निघालेली वरची माती जपून ठेवा आणि त्याच आवारातल्या झाडांना वापरा. सुरेख! पण एकोणीस हजारवाल्यांची माती काय रस्त्यावर पडली आहे? तिकडे इंग्लंडात १९०८ च्या कायद्यानं, सहा मतदारांनी अर्ज केला तर भाजीच्या तुकड्यांची मागणी स्थानिक कौन्सिलला विचारात घ्यावी लागते. आमच्याकडे सहा सभासद एकत्र येतात ते पार्किंगच्या तक्रारीसाठी.

कुणी म्हणेल, एवढा त्रागा कशाला? दहा रुपये टाकले की बाजारात जुडी मिळते. मिळते ना! पण ती येते कुठून? नगर रस्त्याला अशाच कुणाच्या तरी हातभर काळीतून. २०२१ साली वाघोली महापालिकेत आली. आता माहितीपत्रकं पुढच्या गावांत पोचली आहेत. त्यांच्यातही हरित पट्टा असतोच.

माझी मागणी साधी आहे. इमारत लहान असो की मोठी, पाया खणण्याआधी वरची हातभर माती बाजूला काढा, मोजा आणि नकाशावर दाखवलेल्या हिरव्या रंगाखाली परत घाला. पार्किंग मोजून देता, तशी मातीही मोजून द्या. आणि घर घेणाऱ्यांनो, सँपल फ्लॅटमधले नळ सोडून बघता ना? एकदा मागे जाऊन फूटभर खड्डाही घेऊन बघा. ‘खण्ण’ वाजलं, तर नर्सरीत जाऊ नका, आधी बिल्डरकडे जा.

मी माझ्यापुरतं काय केलं ते सांगतो. भाजीचा नाद सोडला. तीन महिने सगळ्या मजल्यांवरची भाजीची देठं, सालं आणि वाळका पाला त्या तुकड्यावर पसरला. गावातून शेणखत आणलं. जूनमध्ये ताग पेरला, फुलोऱ्यावर आला तसा उपटून तिथंच गाडला. दसऱ्यानंतर पुन्हा मेथी टाकली. ती आली. मोजून तीन जुड्या. हिशेब मांडला तर जुडी साधारण नऊशे रुपयांना पडली. खर्चाचं व्हाउचर सौ.ला दाखवलेलं नाही.

एक जुडी आजोबांना नेऊन दिली. त्यांनी मेथीकडे बघितलंच नाही. मुळाची माती बोटांवर चोळली, हुंगली. “आता जरा माती वाटतीया,” म्हणाले. आणि जुडी माझ्या हातात परत ठेवली.

“ऱ्हाऊ द्या साहेब. आमच्याकडं सकाळीच बाजारातनं आणलीया.”