घरी शिकवा, पण दाखला हातात ठेवा

होमस्कूलिंग म्हणजे मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवणं. हा शब्द आतापर्यंत पुण्या-मुंबईचा वाटायचा. आता अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरही तो कानावर येतो. कारणं वेगवेगळी. कोणी मुंबई सोडून गावी आलंय आणि घरूनच काम करतंय. कोणाचं मूल शाळेत रमत नाही. कोणाच्या वाडीतल्या शाळेचा पट इतका घसरलाय की ती पुढच्या जूनला उघडेल की नाही, हीच शंका.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, हे कायद्यात बसतं का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं तो सांगतो. पण सक्ती आहे ती सरकारवर. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, की पालक स्वखुशीने घरी शिकवत असतील तर हा कायदा आड येत नाही. म्हणजे गुन्हा नाही. पण घरी शिकवणाऱ्याला मदत देणारी योजनाही नाही. सगळं आपलं आपणच उभं करायचं.

खरी अडचण येते ती कागदाची. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण घ्या. सातवीच्या सुमारास शाळा सोडली, घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली. २०१६ साली तिला अमेरिकेतल्या एमआयटीने प्रवेश दिला. पण आपल्या आयआयटीत ती जाऊ शकली नाही, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. एवढ्या हुशार मुलीचं हे, तर आपल्या पोरांचं काय? जमिनीला जसा सातबारा, तसा पोराला दाखला. पीक कितीही चांगलं येऊ दे, कागद नसेल तर बँक उभं करत नाही.

कागद मिळवायचे तीन रस्ते आहेत.

एक, १७ नंबरचा फॉर्म. दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. रायगड जिल्हा मुंबई विभागीय मंडळाखाली येतो, त्याचं कार्यालय वाशीला.

दोन, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. इथे पाचवी आणि आठवीचीही परीक्षा देता येते. लहान मुलांच्या पालकांसाठी हा रस्ता सोयीचा.

तीन, केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासूनची. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, मराठी माध्यमही आहे.

तारखा आणि फी दरवर्षी बदलतात. म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, एजंटाला पैसे देऊ नका.

शिकवायचं कशावर? इथे पैसा फार लागत नाही. बालभारतीची पहिली ते बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात. दीक्षा ॲपवर धड्यांचे व्हिडिओ आहेत. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. मराठी विश्वकोशही तसाच खुला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते दाखवलंय. रेंज नसलेल्या वाडीत राहत असाल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर सगळं उतरवून आणा.

मोबाईल सोबत देत नाही, ती माणसांकडूनच मिळते. 'स्वशिक्षण' ही घरी शिकवणाऱ्या पालकांची देशपातळीवरची संघटना आहे. गावात निवृत्त गुरुजी असतील, वाचनालय असेल, होडी बांधणारा मिस्त्री असेल. आठवड्यातून एक दिवस मूल त्यांच्याकडे बसलं तर भूमिती आणि लाकूड दोन्ही कळतं. आणि संध्याकाळी शाळेतल्या पोरांबरोबर खेळू द्या. एकटं वाढलेलं मूल बुजरं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वतः निवडलेलं घरशिक्षण वेगळं आणि नाइलाजाने घरी बसणं वेगळं. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची गोष्ट राज्यात निघाली. उद्या तुमच्या वाडीची शाळा बंद झाली आणि कोणी म्हणालं, "मग घरीच शिकवा," तर ऐकू नका. राज्याच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. नसेल तर नेण्या-आणण्याची सोय मागा. ग्रामसभेत ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं. ते मूल होमस्कूलिंगवालं नाही, त्याला शाळाच हवी.

घरी शिकवून जमलं नाही तरी घाबरू नका. कायद्याने मूल कधीही वयाप्रमाणे असलेल्या वर्गात परत बसू शकतं, शाळेला नाही म्हणता येत नाही. फक्त दाखला, आधार आणि जन्माची नोंद एका पिशवीत जपून ठेवा.