उंबरठ्यावरची केरसुणी

केर काढला, तर कुणाच्या लक्षात येत नाही. राहिला, तर मात्र सर्वांना दिसतो. संगणकाच्या जगातही हेच चालते, हे लिनक्सविषयी वाचताना मला उमगले.

लिनक्स कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावरील प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी तो लिहावयास घेतला. आज अँड्रॉइड फोनही त्यावरच चालतात. जगभरातील माणसे त्यात दुरुस्त्या पाठवतात. त्यांना पॅच म्हणतात. प्रत्येक विभागाला मेंटेनर, म्हणजे राखणदार असतो. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातले पहिले दोनच आठवडे नव्या गोष्टी सामावून घेण्याचे.

साफसफाईच्या पॅचमधून नवे काही मिळत नाही; जुनी, धोक्याची पद्धत तेवढी जाते. पण अशी केरसुणी अनेक विभागांतून फिरते. त्याच ओळींवर दुसऱ्याचेही काम चालू असले, की दोन पॅच एकमेकांना अडतात. म्हणून कुणीतरी मेळ घालावा लागतो. पॅचचे तुकडे करून ज्याचे त्याला द्यायचे, नाहीतर सर्वांची संमती घेऊन एकाच वाटेने आत न्यायचे. शेवटचा वापर सुटेपर्यंत जुने काढताही येत नाही.

एक उदाहरण देतो. अक्षरांची नक्कल करणारी 'स्ट्र-एल-कॉपी' नावाची क्रिया होती. थोडीच अक्षरे हवी असली, तरी ती मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचत जाई. शेवटाची खूण नसली, की पलीकडच्या स्मृतीत शिरे. 2015 साली 'स्ट्र-एस-कॉपी' ही अधिक चांगली क्रिया आली. ती स्वीकारतानाच टोरवाल्ड्स यांनी बजावले, की विचार न करता केलेले सरसकट बदल मी घेणार नाही. असे पॅच क्षुल्लक दिसतात, म्हणून ते कुणी नीट तपासत नाही आणि चालते काम बिघडते, असा त्यांचा अनुभव होता. पुढे विभागाविभागातून बदल होत गेले आणि 2024 च्या 6.8 या आवृत्तीत जुनी क्रिया कायमची गेली. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ लागला!

टोरवाल्ड्स यांचे म्हणणे मला निम्मेच पटते. घाईची सफाई घातक, हे खरे. परंतु नवख्याला आत येण्याचा मार्ग बहुधा याच छोट्या कामांतून जातो. कॉलेजची पायरी घरात प्रथमच चढलेल्या माझ्यासारख्याला उंबरठ्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. क्षुल्लक म्हणून नवख्याचे काम परत पाठवणे सोपे आहे. ते कुठे, केव्हा आणि कुणाला विचारून करावे, हे शिकवणे कठीण आहे.

म्हणून माझे मत असे, की केरसुणी हिसकावून घेऊ नये. झाडणाऱ्याने मात्र घरच्यांना विचारावे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे. आणि मित्रहो, या सर्वांचा मेळ घालणाऱ्याला आपण बिनकामाचा समजू नये. आठ वर्षे नेटाने केर काढत राहणे, हे नवे घर बांधण्याहून कमी आहे काय?