हिशेब कोणी द्यावयाचा?

मुलाचे नाव महाविद्यालयात घालावयाची वेळ आली, की आपल्या घरातील जुनी पेटी उघडली जाते. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, वडिलांचा जातीचा दाखला, तहसील कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका असे एकेक कागद बाहेर निघतात, आणि त्यांतला एखादा फाटका निघाला तर घरभर चिंता पसरते. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबास तर पूर्वीची जात आणि आजचा धर्म यांचा मेळही कागदावर घालून दाखवावा लागतो. बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती देणारी केंद्राची दुरुस्ती १९९० साली झाली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. परंतु त्यानंतरही सिद्धतेचा भार आपल्याच शिरावर राहिला. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाचे ८ वे कलम तसे स्पष्ट सांगते.

वाचकहो, हे आम्ही गाऱ्हाणे म्हणून मांडीत नाही. सार्वजनिक निधीतून जो घेतो त्याने आपली पात्रता दाखवावी, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे, की अडीच लाखांच्या आतील उत्पन्नाच्या बापाने मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी जो हिशेब द्यावयाचा, तो कोट्यवधी रुपये राजकीय पक्षांच्या पदरात टाकणाऱ्या धनिकाने का देऊ नये?

हा प्रश्न आजचा नव्हे. राजकीय पक्षांस देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या मेमोरँडममध्ये दुरुस्ती करू घातली. एका भागधारकाने तीस हरकत घेतली आणि १९५७ साली तो वाद मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आला. प्रचलित कायद्यात परवानगी नाकारण्यास आधार नाही म्हणून न्यायालयाने ती दिली खरी. पण देताना असा इशाराही दिला, की पैशाच्या प्रभावाचा हा धोका वाढत जाऊन अखेर लोकशाहीचाच गळा आवळील, यास्तव संसदेने वेळीच लक्ष घालावे. परवानगी देणारा न्यायाधीशच परवानगीच्या परिणामांना भितो, असे निकाल वकिलीत फार थोडे वाचावयास मिळतात.

संसदेने लक्ष घातले, नाही असे नाही. १९६० साली देणग्यांवर मर्यादा आली व त्या हिशेबात दाखविण्याचे बंधन आले. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी झाली. १९८५ साली ती उठली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा घातली, आणि कोणत्या पक्षास किती दिले हे नावानिशी सांगणे आवश्यक केले. मग २०१७ साली वित्त विधेयकाच्या पोटातून दुरुस्त्या आल्या. साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली, पक्षाचे नाव सांगण्याचे बंधन गेले, आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना लागू झाली. स्टेट बँकेतून रोखा घ्यावा, पक्षास द्यावा; पक्षाने देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगास कळविण्याचे कारण नाही. कंपनी तोट्यात असली तरी तिने हवे तेवढे द्यावे! निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्येच विधी मंत्रालयास पत्र लिहून ह्या बदलांस हरकत घेतली होती. ती बाजूस सारली गेली. पुढे सहा वर्षांत सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले. सत्ताधारी असोत वा विरोधी, बहुतेक मोठ्या पक्षांनी ते घेतले. एकाच पक्षाकडे बोट दाखवून ह्या प्रश्नातून सुटता येणार नाही.

गुप्ततेच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो पुन्हा येणार आहे. मतदाराचे मत जसे गुप्त, तशी देणगीदाराची देणगीही गुप्त असावी, नाहीतर दुसऱ्या पक्षाचे सरकार त्याच्यावर सूड उगवील, असे सांगण्यात आले. ऐकावयास हे बरे वाटते. परंतु मत गुप्त का असते? मालकाच्या शेतावर राबणाऱ्या मजुरास मालकाच्या इच्छेविरुद्ध निर्भयपणे शिक्का मारता यावा म्हणून. दुर्बळास बलवानापासून राखणारा तो पडदा आहे, आणि त्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मताचे मूल्य एकच आहे. देणगीचे मूल्य एक नसते. शंभर कोटींची देणगी आणि शंभर रुपयांची वर्गणी यांस सत्तेच्या दारी एकच मान मिळतो, असे कोण म्हणेल? छोट्या देणगीदाराच्या खाजगीपणाची सोय तर कायद्यात आधीच आहे: २० हजारांपर्यंतच्या देणगीचे नाव पक्षास कळवावे लागत नाही. आणि सुडाच्या भयाचे म्हणाल, तर रोखे विकणारी बँक सरकारच्याच मालकीची होती. ज्याच्या सुडाचे भय त्याच्याच हाती वही, आणि अंधारात राहिला तो मतदार.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या विसंगतीविषयी बजावले होते. गुप्त देणगी ही त्या विसंगतीचाच चोरदरवाजा होय.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरविली. पैसा कोठून येतो हे जाणून घेण्याचा नागरिकांस सर्वसाधारण हक्क नाही, अशी भूमिका महान्यायवादींनी मांडली होती. ती टिकली नाही. बँकेने यादी देण्यास ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक आटोपल्यावरची! न्यायालयाने ११ मार्च रोजी ती नाकारली, आणि तीनच दिवसांत यादी निवडणूक आयोगामार्फत देशापुढे आली. हिशेब देता येत नाही असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा हे तीन दिवस आपण आठवावेत.

न्यायालयाने उघडलेला दरवाजा कायद्याने लावून घेण्याचा प्रकारही जुनाच आहे. पक्षाने उमेदवाराच्या संमतीने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या ऑक्टोबरात म्हटले, आणि त्याच महिन्यात वटहुकूम काढून ते निष्फळ करण्यात आले. उमेदवारांनी मालमत्ता व गुन्हे जाहीर करावेत असे २००२ साली म्हटले, तेव्हाही कायदा बदलला. ते कलम न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द केले म्हणून आज ती प्रतिज्ञापत्रे आपणांस वाचावयास मिळतात.

देणगीचा हिशेब निदान मागता तरी येतो. मंत्र्यांच्या व खासदारांच्या भेटी घेऊन आपल्या सोयीचे धोरण करवून घेण्याचा जो धंदा आहे, ज्यास लॉबिंग म्हणतात, त्याचा हिशेब मागणारा कायदाच आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने कंपन्यांस असा खर्च जाहीर करावा लागतो. त्यामुळेच २०१२ च्या डिसेंबरात कळले, की वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे १२५ कोटी रुपये खर्चिले आणि भारताच्या बाजारात प्रवेश हा त्यांतील एक विषय होता. आपल्या संसदेत गदारोळ झाला, चौकशी नेमली गेली. पण भारतासंबंधीची ही गोष्ट भारतीय मतदारास परक्या देशाच्या कागदांतून समजावी, ह्याची लाज फारशी कोणास वाटल्याचे दिसले नाही.

आता घराजवळ येऊ. ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या सदस्याने निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत न दिल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब प्रमाणे तो पाच वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. राखीव जागेवर प्रथमच निवडून आलेल्या आपल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चार-पाच हजारांच्या खर्चाचा कागद राहून गेला म्हणून कष्टाने मिळालेली जागा जाऊ देऊ नये.

मोठ्यांच्या हिशेबाचे काय? शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघाचे प्रकरण आपल्या स्मरणात असेल. २००९ च्या निवडणुकीत वृत्तपत्रांतून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने आली, आणि त्यांच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च अवघा ५,३७९ रुपये होता. निवडणूक आयोगाने २०१४ साली त्यांच्याविरुद्ध आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. त्यामुळे व्यक्तीचा प्रश्न मिटला. परंतु त्याच वादात ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे ठरविले ते आपल्या उपयोगाचे आहे: हिशेब वेळेत आला की नाही एवढेच नव्हे, तर तो खरा आहे की नाही, हेही आयोगास तपासता येते.

खरेपणा तपासावयाचा तर प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हवा, आणि तो आपल्या वस्तीतच आहे. परभणी, जिंतूर, गंगाखेड व पाथरी ह्या चारही मतदारसंघांतील उमेदवारांस निकालानंतर ३० दिवसांत आपला खर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, दाखल करावा लागतो. निवडणूक नियम १९६१ मधील ८८ व्या नियमाप्रमाणे कोणासही एक रुपया भरून तो हिशेब पाहता येतो आणि ठरलेली फी भरून त्याची प्रत घेता येते. तेव्हा पुढच्या निवडणुकीत प्रत्येक वस्तीतील दोघा शिकलेल्या तरुणांनी एक वही घालावी. सभा कोठे झाली, मांडव किती मोठा होता, गाड्या किती आल्या, जेवणावळी कोठे उठल्या, हे तारखेनिशी लिहून ठेवावे. मग एक रुपया घेऊन जिल्हा कचेरीत जावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. तफावत दिसल्यास प्रत घ्यावी आणि आयोगाकडे लेखी अर्ज करून त्याची पोच मागून घ्यावी.