काचपेटीतील थोरली आणि धाकटा

दिवाळीची सुटी लागते, मुले हट्ट धरतात आणि सांगलीतील एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी येते. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे सोडले जातात. शास्त्रीय मराठीत त्यांना विदूषक मासे म्हणता येईल, पण बाजारात ते क्लाउनफिश आणि मुलांच्या तोंडी ‘नेमो’ असतात. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. नंतर एका रात्री दुकान वाढवून घरी आलेल्या गृहस्थाला दिसते, की दोहोंपैकी एक मासा वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी अंग चोरून उभा आहे. त्याचे पर फाटले आहेत आणि टाकलेल्या दाण्याकडे तो फिरकतही नाही. दुसरा त्याच्यावर पुन:पुन्हा धावून जातो. “अरे, मरेल की तो जीव! काहीतरी कर,” असे आजी म्हणते. काय करावे, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते.

त्यासाठी या माशाचा संसार समजून घ्यावा लागतो. समुद्रात विदूषक मासे समुद्रफुलाच्या आश्रयाने छोट्या गटात राहतात. समुद्रफुलाचे दंश इतर माशांना घातक ठरतात, यांना मात्र ते बाधत नाहीत. गटातील सर्वांत मोठा मासा ही मादी असते आणि घराची सत्ता तिच्याकडे असते. आकाराने दुसरा तो तिचा नर. त्यांच्याखाली असलेल्या लहानांना प्रजननाचा अधिकार नसतो. मादी मरण पावली तर तिचा नरच कालांतराने मादी होतो आणि लहानांपैकी सर्वांत मोठा त्याची जागा घेतो. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही व्यवस्था मांडली. हा बदल एकाच दिशेने होतो. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. २००३ सालच्या प्रसिद्ध चित्रपटात आईच्या मृत्यूनंतर बाप मुलाला शोधत समुद्र पालथा घालतो. निसर्गाचा नियम लावला, तर त्या बापाचीच पुढे मादी झाली असती.

या घराची शिस्त आकारावर उभी असते. पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर अभ्यास करणाऱ्या पीटर बस्टन यांनी २००३ साली दाखवून दिले, की खालच्या क्रमांकाचे मासे आपली वाढ आवरून धरतात आणि वरच्याच्या आकाराला गाठत नाहीत. बरोबरीला आलेला मासा प्रतिस्पर्धी ठरतो आणि त्याला घराबाहेर काढले जाते. समुद्रफुलाच्या आश्रयाबाहेर पडलेला मासा बहुधा फार काळ जगत नाही. म्हणून धाकटा धाकटेपण सांभाळत आपल्या पाळीची वाट पाहतो. व्यापारी घरांना ही रचना ओळखीची वाटेल. तरीही माशांच्या वागण्यात माणसाचे गुणदोष शोधण्याचे कारण नाही. मादी दुष्ट नसते आणि नर भित्राही नसतो.

आता काचपेटीतील भांडणाचा उलगडा होतो. दुकानदाराने एकाच मापाचे दोन मासे दिलेले असतात आणि थोरले कोण, हे ठरायचे असते. दोन्ही लहान असतील तर काही दिवसांच्या पाठलागानंतर निकाल लागतो. कमी ताकदीचा मासा आडवा होतो आणि सर्वांग थरथरवतो. पाहणाऱ्याला तो झटका किंवा आजार वाटतो. वास्तविक ती शरणागतीची खूण असते. थोरली ती मान्य करते, मारणे थांबते आणि पुढे दोघे एकाच कोपऱ्यात झोपू लागतात. या व्यवहारात टकटक असा आवाजही होतो. जबडा झटक्याने मिटल्यावर दात एकमेकांवर आपटून तो उमटतो, हे २००७ साली सिद्ध झाले. पूर्ण वाढलेले दोन मासे एकत्र आणले तर मात्र दोन्ही माद्या असू शकतात. तेथे माघार घेणारे कोणी नसते आणि एकीचा जीव जाईपर्यंत झुंज चालू शकते. जोडी जमल्यावर मुलांच्या हट्टासाठी तिसरा मासा आणला, तर त्याचीही बहुधा हीच गत होते.

उपाय खरेदीच्या वेळीच सुरू होतो. आकारात स्पष्ट फरक असलेले दोन कोवळे मासे घ्यावेत आणि शक्यतो धाकट्याला आधी सोडावे. थरथर आणि थोडा पाठलाग दिसला तर मध्ये पडू नये. पर फाटणे, खाणे सुटणे आणि सतत कोपऱ्यात राहणे ही तीन लक्षणे दिसताच त्याच दिवशी दोघांना वेगळे करावे. त्याच पेटीत टांगलेल्या सच्छिद्र डब्यात बळजोर माशाला ठेवावे आणि मार खाल्लेल्याला मोकळे फिरू द्यावे. दोन आठवड्यांनी पुन्हा एकत्र करून पाहावे. तरीही न जमल्यास ती जोडी नव्हे, हे मान्य करावे. जमलेली जोडी अंडी घातल्यावर अधिक आक्रमक होते. नर अंड्यांना पराने वारा घालतो, तर मादी पेटीत घातलेल्या मालकाच्या हातालाही चावते.

सातारा आणि सांगली समुद्रापासून दूर आहेत. येथे खारे पाणी घरीच तयार करावे लागते. त्यासाठी लागणारे तयार सागरी मीठ लिटरमागे सुमारे ३५ ते ४० ग्रॅम पडते. स्वयंपाकघरातील मीठ त्याला पर्याय नाही. उन्हाळ्यात पाणी उडते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून भर घालताना गोडे पाणीच घालावे. वीज जाण्याचा विचारही आधीच करावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. तशा दिवसांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात नसेल, तर पेटीतील जीव टिकणे कठीण.

राहिला न जमणाऱ्या माशाचा प्रश्न. दयेपोटी कोणी त्याला कृष्णेत किंवा वेण्णेत सोडण्याचा विचार करील. हा मासा समुद्राचा आहे. गोड्या पाण्यात तो थोड्याच वेळात तडफडून मरेल, म्हणून ते जीवदान ठरणार नाही. त्याला दुकानदाराकडे परत द्यावे किंवा दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे सोपवावे. तशी सोय आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारलेले बरे. समुद्रातून पकडलेल्या माशाऐवजी पैदास केंद्रातील मासा मागावा. तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात आणि आपल्या राज्यात ऐरोली येथे अशी पैदास झाली आहे. पेटी सजवण्यासाठी खरे दगडी प्रवाळ मात्र घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे.

शेवटी एक गोष्ट जैन घरांनी स्वतःशी स्पष्ट करावी. हा मासा शाकाहारी नाही. समुद्रात तो शेवाळाबरोबर सूक्ष्म जीवही खातो, आणि बाजारातील बहुतेक कोरड्या खाद्यात प्राणिज अंश असतो. उत्तम सांभाळ झाला तर तो वीस वर्षेही जगू शकतो. म्हणजे हट्ट धरणारी मुले शिक्षणासाठी पुण्याला निघून गेल्यावरही पेटीची देखभाल घरातील मोठ्यांकडेच राहते. हे सारे पत्करण्याची तयारी असेल तरच पेटी आणावी. नसेल, तर मुलांना तसे समजावून सांगावे. कोपऱ्यात थिजलेला जीव पाहून आजीला जे वाटले, त्याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी झाला, तर तो जीव त्या कोपऱ्यापर्यंत पोचणारच नाही.