गोवंडी स्टेशन रोडवरची आकडेवारी

मुंबईत हार्बर लाइनवर गोवंडीला उतरून स्टेशन रोडने देवनारकडे निघालात की आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयपीएसचे आवार लागते. १९५६ साली सुरू झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. देशात किती मुलांना लस मिळाली, किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे आपल्याला इथल्या आकड्यांवरून कळते. आणि याच गोवंडीच्या वस्त्यांमध्ये २०२२ च्या अखेरीस गोवराने लहान मुले दगावली.

गोवराची लस जुनी, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. नऊ महिन्यांनंतर पहिली मात्रा, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. साथ रोखायची तर साधारण ९५ टक्के मुलांना ती मिळायला हवी. कोविडच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले आणि फटका बसला तो एम-पूर्व विभागाला, भिवंडीला, मालेगावला. मग पथके घरोघर फिरली, मौलानांना आवाहन करायला सांगितले गेले. 'हे लोक लस घेत नाहीत' हे वाक्यही फिरले. आपल्या काही घरांत लसीबद्दल संशय होता आणि आहे. तो नाकारून काही मिळणार नाही. पण दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही: कोणत्या गल्लीत एक वर्षाखालची किती मुले आहेत, हे कोणाच्या वहीत होते?

लसीकरणाची टक्केवारी काढताना वर लस दिलेली मुले आणि खाली एकूण मुले असतात. खालचा आकडा बहुतेक वेळा जनगणनेवरून काढलेला अंदाज असतो. जनगणना २०११ ची, २०२१ ची वेळेवर झालीच नाही. तेवढ्यात वस्ती उठते, दुसरी बसते, भाडेकरू बदलतात, बाळंतपणाला गेलेली बाई गावाकडे राहते. म्हणून एखाद्या केंद्राचे लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेलेले दिसते आणि शेजारच्या गल्लीत मूल तापाने फणफणत असते. माहिती गोळा कशी करायची, जोडायची कशी, आणि तिच्यावरून साथ पसरायच्या आधी नर्सला योग्य दारात कसे पाठवायचे, याचा अभ्यास म्हणजे पब्लिक हेल्थ इन्फॉर्मेटिक्स, सार्वजनिक आरोग्याचे माहितीशास्त्र. आपल्या इंजिनिअर मुलामुलींनी पदव्युत्तर शिक्षणासाठी या विषयाचा विचार करावा, असे आम्हाला वाटते.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. या विषयाकडे वळलो ते अम्मीच्या कागदांमुळे. तिचे नाव जुलेखा. इंग्रजीत एका कार्डावर ते 'झेड'ने सुरू होते, दुसऱ्यावर 'जे'ने, तिसऱ्यावर पुढे 'बी' लागते. एका सरकारी रुग्णालयात तिची जुनी नोंद सापडेना, म्हणून सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. खिडकीवरच्या माणसाची चूक नव्हती. त्याने नाव टाकले, यंत्र 'नाही' म्हणाले.

उच्चारावरून नावे जुळवणारी साउंडेक्स नावाची पद्धत १९१८ साली अमेरिकेत पेटंट झाली. तिचे वंशज आजही वापरात आहेत. ती पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते. त्यामुळे 'क्यू'चा कुरेशी आणि 'के'चा कुरेशी तिच्या लेखी वेगळे. मोहम्मद पूर्ण लिहिला आणि 'एमडी' असा लिहिला, तर तेही वेगळे. उलट बाजूही आहे. एकाच चाळीत पाच मोहम्मद शेख, आणि त्यातल्या तिघांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. एका माणसाचे तीन होणे जितके वाईट, तितकेच तीन माणसांचा एक होणे. क्षयरोग्याची नोंद दुसऱ्याच्या नावावर चढली तर औषधाचा पाठपुरावा तुटतो. फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्ये याचे गणित मांडले: दुर्मिळ नाव जुळले तर त्याला जास्त वजन, सगळीकडे आढळणारे जुळले तर कमी. पण आपल्या मोहल्ल्यात कोणते नाव दुर्मिळ आणि कोणते सर्रास, हे सूत्राला सांगणार कोण?

आकडे आपल्याविरुद्ध वापरले जातात, हे तर आपण बघतोच. एप्रिल २०२० मध्ये रोजच्या सरकारी माहितीत मरकजशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जाई. ज्यांना शोधून शोधून तपासले, त्यांच्यात रुग्ण जास्त सापडणार. तपासण्यांची संख्या न सांगता नुसते रुग्ण मोजले की तो आकडा आरोप होतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, पण तोवर भाजीवाल्यांना गल्लीत येऊ न देण्याचे प्रकार होऊन गेले होते.

पण तेच आकडे आपल्या बाजूनेही बोलतात. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.३६. हिंदू स्त्रीमागे ३.३ वरून १.९४. 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणणाऱ्याला यापेक्षा चोख उत्तर भाषणात सापडणार नाही. आणखी एक कोडे आहे. भारतात मुस्लिम कुटुंबे सरासरीने गरीब, शिक्षणात मागे, तरी बालमृत्यू हिंदूंपेक्षा कमी होते. गेरुसो आणि स्पीअर्स या संशोधकांनी २०१८ मध्ये याच सर्वेक्षणांच्या आधारे दाखवले की यामागचे मोठे कारण शौचालय आहे. मुस्लिम घरांत उघड्यावर शौचाला जाण्याचे प्रमाण कमी, आणि शेजारी शौचालय वापरत असेल तर आपले मूल वाचते, मग तुमचा धर्म कोणताही असो. मोहल्ल्याच्या सभेत सांगावी अशी ही गोष्ट आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांनी आणखी एक शोधनिबंध वाचावा. ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा, 'सायन्स'मधला. अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यायची हे ठरवणारी एक प्रणाली 'कोण जास्त आजारी' याऐवजी 'कोणावर जास्त खर्च होईल' हे मोजत होती. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने ते कमी आजारी ठरत. दुरुस्ती केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे हिशेबात निघाले. प्रोग्रामरने वंशाचा रकाना घातलाच नव्हता. आपल्याकडे आता १४ अंकी आभा क्रमांकावर आरोग्य नोंदी जोडल्या जात आहेत. त्यावर उद्या कोणी असेच काही बसवले, तर चूक ओळखणारे डोळे लागतील.

आता व्यवहाराचे. परदेशात जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन अशा ठिकाणी आरोग्य माहितीशास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. ऑस्लो विद्यापीठात डीएचआयएस-२ ही मुक्त प्रणाली घडली. अनेक देशांची आरोग्य खाती ती वापरतात आणि तिचे काही ऑनलाइन वर्ग मोफत आहेत. सुरुवात तिथून करावी, पैसे भरण्याआधी विषय झेपतो का ते कळते. देशात या नावाची पदवी शोधत बसू नका. सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच घ्या, किंवा आयआयपीएसचा लोकसंख्या अभ्यास. टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही देवनारलाच आहे. एसक्यूएल आणि पायथॉन तुमच्याकडे आहेच. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र नाही, आणि ते यूट्यूबवर भागत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. 'पढो परदेश' व्याज अनुदान आणि मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप, दोन्ही केंद्राने २०२२-२३ पासून बंद केल्या. बऱ्याच घरांत कर्ज म्हटले की व्याजाचा प्रश्न निघतो, आणि मुलगी असेल तर त्याआधी लग्नाचा. दोन वर्षांची नोकरी झाली असेल तर चेव्हनिंगला अर्ज करा. तिथे कर्ज नाही, मात्र परतून दोन वर्षे देशात राहण्याची अट आहे. पगाराबद्दल फसवत नाही: सुरुवातीला आयटीपेक्षा कमीच मिळेल.

तोवर एक काम करून पाहा. आपल्या जिल्ह्याचे पाचव्या सर्वेक्षणाचे माहितीपत्रक उतरवून घ्या, लसीकरणाची ओळ काढा, आणि मोहल्ल्यातल्या आशाताईंकडे जाऊन विचारा की त्यांच्या वहीत एक वर्षाखालची मुले किती आहेत. दोन्ही आकडे आम्हाला कळवा.